‘गाडी धंद्यावर नाही ना?’ : क्रँक बदलून देणाऱ्यांपासून सावध राहा

जुनं डिझेल इंजिन हौसेनं बांधायला काढलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी ग्राइंडिंगला, म्हणजे घासून मापात आणायला, दिलेला क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीवर गोल फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, बोलीत क्रँक) एका मशीन शॉपनं ठेवून घेतला आणि दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचा, झिजून संपलेला, वेल्डिंगनं भरलेला क्रँक घासूनपुसून माझा म्हणून परत दिला. तो मोडला. पैसे गेले, वेळ गेला, आणि बांधलेलं इंजिन पुन्हा खोलावं लागलं. यात सापडलेला मी एकटाच असेन असं मला वाटत नाही.

गाडी आमच्या अण्णांची, टाटा 407. हे मॉडेल 1986 साली बाजारात आलं. आमची गाडी त्यानंतर काही वर्षांनी घेतलेली. तासगाव भागातली द्राक्षं वाशीच्या मार्केटला पोचवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. अण्णा गेले, गाडी शेडमध्ये लागली. भंगारवाले येऊन वजनाचा भाव सांगून जायचे, आईनं विकू दिली नाही. इंजिन 497, म्हणजे चार सिलिंडर आणि 97 मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची धाव) 100 मि.मी., एकूण 2956 सीसी. त्यात सेन्सर नाहीत, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर नाही. ज्याला शिकायचंय त्याला हे इंजिन शिकवतं. मी शाळेत शिकवतो. सुट्टी आणि पगार जुळेल तसं काम करत गेलो. कधी टॉर्क रेंच घेतला, कधी मायक्रोमीटर, एका दिवाळीच्या सुट्टीत चेन पुली लावून इंजिन खाली घेतलं. आमच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, संध्याकाळी येऊन बसायचे आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगायचे.

खोलणं, धुणं, मापं घेणं, बांधणं हे सगळं शेडमध्ये होतं. पण क्रँक ग्राइंडिंग, लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) टाकून बोअरिंग-होनिंग, हेड फेसिंग, पंपाचं कॅलिब्रेशन ही कामं बाहेरच द्यावी लागतात. पार्ट आपल्या हातातून सुटतो तो इथेच.

जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या मशीन शॉपचं नाव बरेच जण घ्यायचे. मालक बोलायला गोड. क्रँक पाहिला, जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या त्याच्या गुळगुळीत भागावरून, बोट फिरवलं आणि विचारलं, “सर, गाडी धंद्यावर नाही ना?” मी म्हटलं, नाही, हौस आहे, वडिलांची गाडी आहे. “मग घाई नाही. निवांत करू. तुमचं इंजिन म्हणजे आमच्या घरचं इंजिन.”

त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा लागला. धंद्यावरची गाडी असेल तर इंजिन आठवड्यात रस्त्यावर येतं आणि काम खराब असेल तर मालक-ड्रायव्हर महिन्याच्या आत दुकानाच्या दारात उभे राहतात. हौशी माणसाचं तसं नसतं. त्याचा क्रँक कपड्यात गुंडाळून कपाटात जातो, इंजिन वर्ष-दीड वर्षानं चालू होतं. तोवर दुकानाची तोंडी गॅरंटी संपलेली असते, पावती फिकी पडलेली असते, कामगार बदललेले असतात. आणि इंजिन त्यानंच बांधलेलं असल्यामुळे दोष ढकलायलाही जागा तयार असते. फसवणाऱ्याला यापेक्षा सोयीचं गिऱ्हाईक कुठलं मिळणार!

आता क्रँक बदलण्यात फायदा काय, ते सांगतो. जर्नल झिजले की ते ग्राइंड करून थोडे बारीक करतात आणि तेवढी जाड बेअरिंग टाकतात. टप्पे ठरलेले असतात : 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मि.मी. मिस्त्री लोक यांना टेन, ट्वेंटी, थर्टी, फॉर्टी म्हणतात, कारण इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची जुनी सवय. फॉर्टीही संपलं की क्रँक भंगारात. माझा क्रँक टेनवर होता, म्हणजे अजून तीन वेळा ग्राइंड होऊन चालला असता. असा क्रँक ‘ओरिजिनल, कमी झिजलेला’ म्हणून चांगल्या भावात विकता येतो. त्याच्या बदल्यात भंगारातला क्रँक घ्यायचा, जर्नलवर वेल्डिंगचा भराव घालायचा, ट्वेंटीच्या मापाला ग्राइंड करायचा आणि गिऱ्हाइकाला द्यायचा. मापं अगदी बरोबर येतात. मायक्रोमीटर लावणाऱ्यालाही संशय येत नाही.

क्रँकला भराव घालून वापरायची रीत मुळात आहे, हेही सांगायला हवं. जाणकार माणसं योग्य इलेक्ट्रोड वापरून, आधी तापवून, नंतर सावकाश थंड करून, क्रॅक टेस्ट (तड्यांची तपासणी) घेऊन हे काम करतात आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतात. माझ्या क्रँकबाबत यातलं काहीच झालेलं नव्हतं.

क्रँक परत आला तेव्हा त्याच्यावरचा फोर्जिंगचा नंबर, म्हणजे घडवतानाच उमटवलेला नंबर, दिसत नव्हता. त्या जागी ग्राइंडर फिरवून लाल प्रायमर मारला होता. मी विचारलं. “क्रॅक टेस्टसाठी सगळं साफ करावं लागतं, सर.” उत्तर पटण्यासारखं होतं. जर्नल मोजले, बरोबर ट्वेंटी. मामांनीही पाहिले. ग्राइंडिंगची पावती साध्या वहीच्या कागदावर होती, पक्कं बिल मागितलं तर “जीएसटीचे 18 टक्के कशाला भरता?” असं म्हणून विषय टाळला. पिस्टन, लायनर, रिंगा आणि बेअरिंगचा सेट त्यांच्याकडूनच घ्यावा लागला, ‘बाहेरचं मटेरियल आणलं तर कामाची जबाबदारी नाही’ ही त्यांची अट. त्याचं बिल मात्र छापील मिळालं आणि पुढे पुरावा म्हणून तेच उपयोगी पडलं.

डिझेल पंप मी दुसरीकडे दिला होता, आणि तिथला अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या पंपवाल्यानं मला स्टूल देऊन टेस्ट बेंचसमोर बसवलं. चारही लाइनींचं डिझेल काचेच्या चार नळ्यांत पडत होतं. पहिल्यांदा तिसऱ्या नळीतली पातळी स्पष्ट कमी. त्यानं त्या लाइनीचं एलिमेंट (डिझेल दाबणारी दांडी, म्हणजे प्लंजर, आणि तिचं नळकांडं) काढून हातावर ठेवलं, प्लंजरवरचा ओरखडा नखानं दाखवला, नवीन घातलं, पुन्हा बेंच चालवला, आणि चारही पातळ्या एका रेषेत आल्या. जुना पार्ट न मागता कागदात बांधून दिला. मशीन शॉपमध्ये मात्र “आत यायला परवानगी नाही, सेफ्टीचा प्रश्न आहे” एवढंच ऐकलं होतं.

सगळं बांधून इंजिन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी आई शेडच्या दारात येऊन उभी राहिली होती. ऑइल प्रेशर छान, धूर थोडा आणि तोही लवकर साफ झाला. मळ्यातल्या रस्त्यावर रिकामी, मग थोडी माती भरून चालवली. काही दिवसांनी आरपीएम वाढवला की खालून जड, बोथट आवाज यायला लागला. मामांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकलं आणि म्हणाले, “बंद कर. आत्ताच्या आत्ता.” चेंबर (खालचं ऑइलचं पात्र) उतरवला, बेअरिंगच्या कॅपा काढल्या. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या जर्नलला, जिथे तो वेबला (जर्नलांना जोडणाऱ्या बाजूच्या जाड भागाला) मिळतो त्या कोपऱ्यात, अर्ध्याहून जास्त परिघाचा तडा गेला होता. बाहेर काढून दगडावर टेकवताना त्याचे दोन तुकडे झाले.

तुटलेला भाग एका तंत्रनिकेतनातल्या प्राध्यापकांना दाखवला. तडा हळूहळू पसरल्याच्या खुणा, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकामागे एक रेषा, नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. 2000 आरपीएमला तासाला 1,20,000 फेरे होतात आणि प्रत्येक सिलिंडर 60,000 वेळा पेटतो. मुळात कमजोर जागा असेल तर तडा पसरायला फार तास लागत नाहीत. त्यांनी एक चकती कापून, घासून, तिच्यावर नायटल म्हणजे नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण लावलं. काही सेकंदांत जर्नलच्या कडेनं वेगळ्या छटेचं एक कडं उमटलं, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. तोच भराव. जर्नल आणि वेब जिथे मिळतात तिथे जी गोलाई हवी ती नव्हती, जवळपास काटकोन होता. क्रँकवरचा ताण सगळ्यात जास्त त्या कोपऱ्यातच एकवटतो.

एवढ्यानं काम वाईट होतं हे ठरलं. क्रँक माझा नव्हता हे सिद्ध व्हायचं होतं. इंजिन खोलताना मी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले होते. एका फोटोत क्रँक अजून ब्लॉकमध्येच आहे आणि त्याच चौकटीत ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचता येतो. क्रँकचं बॅलन्सिंग करताना कारखान्यात काउंटरवेटला (क्रँकवरच्या समतोलाच्या वजनाला) भोकं पाडतात; प्रत्येक क्रँकला जेवढी लागतील तेवढीच, त्यामुळे त्यांची जागा आणि खोली सहसा जुळत नाही. माझ्या फोटोत फ्लायव्हीलकडच्या (इंजिनामागच्या जड चाकाकडच्या) काउंटरवेटला शेजारी-शेजारी तीन भोकं होती, मधलं उथळ. मोडलेल्या क्रँकला त्या जागी एकच, खोल.

फोटो आणि तुकडे घेऊन गेलो. मालकांचं पहिलं वाक्य : “सर, इंजिन तुम्ही बांधलंय. टायटिंगमध्ये फरक पडला असेल.” माझ्या वहीत प्रत्येक बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) लिहिलेला होता आणि सगळ्या बेअरिंगवरची घासण सारखी होती, म्हणजे बांधणी सरळ होती. मग म्हणाले, फोटो कुठल्याही क्रँकचा असू शकतो. इंजिन नंबर दाखवल्यावर आवाज बदलला. “आमच्याकडे रोज खूप क्रँक येतात, पोरांकडून अदलाबदल झाली असेल. ग्राइंडिंगचे पैसे परत देतो, विषय मिटवा.” पोरांकडून अदलाबदल झाली असती तर फोर्जिंगचा नंबर घासून काढायची गरज पडली नसती. मी ते पैसे घेतले नाहीत. माझं नुकसान ग्राइंडिंगच्या मजुरीएवढं नव्हतं : नवीन क्रँक, पुन्हा बेअरिंग, पुन्हा गॅस्केट सेट, पुन्हा खोलताना ओरखडलेला एक लायनर. आणि कोणा गरीब माणसाची भरलेली 407 एखाद्या घाटात असल्या क्रँकवर चढत असेल, हा विचार मला झोपू देत नव्हता.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. या कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान परजिल्ह्यात असलं तरी. आपण वस्तू किंवा कामासाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते, त्यामुळे कागदाच्या चिठोऱ्यावर काम करणाऱ्याला ती चिठी वाचवत नाही. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून तुटलेला पार्ट कधीही दुकानात ठेवून येऊ नका. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे, आणि लांबलेल्या हौशी कामात हीच गोष्ट घात करते. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता मी क्रँक, हेड, ब्लॉक, काहीही बाहेर देताना त्यावर आडजागी, जिथे मशीन फिरत नाही तिथे, सेंटर पंचनं ठिपक्यांची खूण करतो आणि दुकानदारासमोर फोटो काढतो. नंबर घासलेला पार्ट परत घेत नाही. आलेल्या पार्टची तपासणी आल्या आठवड्यात करतो, इंजिन कधी का बांधायचं असेना. क्रॅक टेस्ट दुसऱ्याच दुकानातून, जर्नलच्या कोपऱ्यांतली गोलाई रेडियस गेजनं. बेअरिंगच्या पाठीवरचं साइझ आणि पार्ट नंबर खोक्याशी जुळवतो, आणि रिंग लायनरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून तिचा गॅप फीलर गेजनं पाहतो. घाई आहे का, असं कोणी विचारलं तर पुढच्या महिन्यात गाडी भाड्यावर लागणार आहे, एवढंच सांगतो.

अलीकडच्या दोन-तीन वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात कोणी 497 चा जुना, टेनवरचा क्रँक ‘ओरिजिनल’ म्हणून विकत घेतला असेल, तर फ्लायव्हीलकडचं काउंटरवेट एकदा बघा. शेजारी-शेजारी तीन भोकं आणि मधलं उथळ असेल, तर त्याचा फोटो आणि खरेदीची पावती तेवढी मला दाखवा. क्रँक तुमच्याकडेच राहू दे, तुम्ही पैसे मोजून घेतलाय. मला तो आयोगासमोर फक्त दाखवायचा आहे.