चिंपांझी नुसते लोळत होते, म्हणूनच पाच तारे

केनियातल्या स्वीटवॉटर्स चिंपांझी सँक्चुअरीत जाण्याआधी इथल्या अभिप्रायांत एक तक्रार पुन्हा पुन्हा वाचली होती : "एवढ्या लांब गेलो, तर चिंपांझी नुसते लोळत पडलेले." अगदी खरं आहे. आम्ही गेलो तेव्हाही लोळतच होते. मी पाऊण तास जागची हलले नाही.

आधी जागेबद्दल. केनियात नान्युकी गावाजवळ ओल पेजेटा नावाचं सुमारे 90,000 एकरांचं राखीव क्षेत्र आहे. जगात उरलेल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंडिणी, नाजिन आणि फातू या मायलेकी, इथेच राहतात, त्यामुळे नाव ऐकलेलं असतं. त्याच्याच एका भागात स्वीटवॉटर्स चिंपांझी सँक्चुअरी. सँक्चुअरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अभयारण्य येतं. हे तसं नाही. अनाथाश्रम म्हटलं तर जास्त जवळ जाईल. केनियाच्या रानात चिंपांझी नाहीतच. 1993 मध्ये आफ्रिकेतल्याच बुरुंडी देशात यादवी पेटली आणि चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या इन्स्टिट्यूटने तिथे सांभाळलेल्या चिंपांझींना दुसरीकडे हलवणं भाग पडलं, त्यातून हे ठिकाण उभं राहिलं. पुढे इतर देशांतूनही सोडवलेले आले. आईला मांसासाठी मारायचं आणि पिल्लू पाळायला विकायचं, असा हा धंदा. मधून इवासो न्यिरो नदी वाहते आणि दोन्ही काठांवर एकेक कळप राहतो. चिंपांझी सहसा पाण्यात उतरत नाहीत, त्यामुळे दोन्ही घरांत भांडण नाही.

आमची पहिली फेरी फुकट गेली, आणि त्याचा दोष सर्वस्वी आमच्या सहल कंपनीचा. कार्यक्रमपत्रिकेत चक्क "चिंपांझी : 20 मिनिटे" असं छापलं होतं आणि वेळ दिली होती भर उन्हाची. काळे केस, डोक्यावर विषुववृत्तावरचा सूर्य. कोण बसेल उघड्यावर? सगळे झाडोऱ्यात आत. एक पाठ दिसली, ती पण कदाचित खोडच असेल. दुसऱ्या दिवशी गेंड्यांची फेरी सोडून आम्ही दोघं सकाळी दार उघडताच परत गेलो.

जुलै महिना. समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,800 मीटर उंची, त्यामुळे विषुववृत्तावर असूनही सकाळी बोटं आखडतील इतका गारठा. रात्री इथले चिंपांझी बांधलेल्या घरांत झोपतात आणि सकाळी कुरणात सोडले जातात. आम्ही पोचलो तेव्हा ते सुटले होते आणि सगळ्यांनी मिळून एकच काम चालवलं होतं. सोबतच्या गाइडने स्वाहिलीत त्याला "कुओटा जुआ" म्हणतात असं सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे ऊन खातात. त्याला ते फार आवडलं. पुढे तासभर तो ज्याला त्याला "ईटिंग सन" सांगत होता.

मी पस्तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला सांधा धरलाय हे मला कळतं, त्यामुळे बाकीचे चेहरे बघत होते तेव्हा मी बसण्याच्या तऱ्हा बघत होते. कुंपणापासून दहा-बारा पावलांवर एक मादी उताणी पडली होती. एक गुडघा वर, त्यावर दुसऱ्या पायाची पोटरी, आणि तळवा बरोबर सूर्याकडे. तळवा म्हणजे हातच तो, अंगठा बाजूला फाकलेला. तिथे केस नसतात, म्हणून ती जागा आधी शेकायची, असा माझा अंदाज. मधूनच ती अंगठा आणि बोटं हळूहळू मिटायची, उघडायची. एक मनगट डोळ्यांवर. खालचा ओठ इतका सैल सुटलेला की आतला गुलाबी भाग दिसत होता.

मग बाभळीसारख्या एका काटेरी झाडाची सावली सरकत तिच्या कमरेपर्यंत आली. उठायचं जिवावर आलं असणार. तिने कोपर रोवलं, ढुंगण जेमतेम उचललं आणि वीतभर घसरून पुन्हा तीच पोज घेतली. डोळ्यांवरचं मनगटसुद्धा हललं नाही! पाऊण तासात हे तीनदा झालं.

"अगं, हे काय बघायचं? झोपलेत ते," आमचे हे.

"अहो, गप बसा जरा. पाय बघा तिचा."

पलीकडे एक थोराड नर पालथा पडला होता आणि दुसरा त्याच्या पाठीवरचे केस बाजूला सारून एकेक कण टिपत होता. ऊन पाठीला आणि बोटंही पाठीला. दोघांचाही चेहरा अगदी मालिश करून घेणाऱ्याचा.

इथेच गाइडने पोकोची गोष्ट सांगितली. बुरुंडीत एका दुकानावर, गिऱ्हाइकं ओढायला, पिंजऱ्यात टांगून ठेवलेला चिंपांझी. आयुष्याची पहिली 9 वर्षं तिथे. पिंजरा इतका अरुंद की फक्त उभं राहता यायचं. 1995 मध्ये तो इथे आला, आणि पुढेही माणसासारखा दोन पायांवरच चालायचा. लोक हसले, व्हिडिओ कसा मजेशीर असेल म्हणाले. मला नाही हसू आलं. वाढत्या वयात 9 वर्षं उभं ठेवल्यावर कंबरेचं आणि मांडीच्या स्नायूंचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. समोरची बाई पाय पसरून पडली होती ते मी त्यानंतर आणखी दहा मिनिटं बघितलं.

जायचं असेल तर सकाळची वेळ धरा, आणि आदल्या रात्री थंडी पडली असेल तर उत्तमच. दहानंतर ऊन तापू लागलं तसे एकेक जण उठून मुठींवर चालत झाडीत गेले. आमची बाई शेवटची. जाकीट लागतं, टोपीही लागते, दोन्ही एकाच तासात. सर्दी-खोकला असेल तर खरंच जाऊ नका, आपले श्वसनाचे आजार त्यांना लागतात आणि ते त्यांच्या जिवावर बेततात. खायला द्यायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. उड्या आणि कसरती बघायच्या असतील तर दुसरं ठिकाण शोधा.

दुर्बीण न्या. फोटोंची फार आशा ठेवू नका, कुंपणाची तार मधे येते. ह्यांनी साठेक काढले, त्यांतला एकच धड आलाय : नुसता तळवा, उन्हात.