युंगफ्राउयोख रेल्वे: आभाळ बघूनच तिकीट काढा

बेळगावहून युरोपला जाणाऱ्यांच्या यादीत स्वित्झर्लंडच्या आल्प्समधली युंगफ्राउयोख ही बर्फाळ खिंड ठरलेलीच. रेल्वे म्हणून सेवा अव्वल आहे; फसगत होते ती आधी ठरवलेल्या तारखेमुळे. उन्हाळ्यात पायथ्याच्या इंटरलाकेन गावाहून पूर्ण दराचं परतीचं तिकीट 200 स्विस फ्रँकच्या वर जातं, आणि ढग असले तर वर काहीच दिसत नाही. सकाळी उठून वेबकॅम बघावा, मगच पैसे भरावेत. हाफ फेअर कार्ड या सवलतीच्या कार्डावर दर निम्मा होतो. स्विस ट्रॅव्हल पास या प्रवासी पासवर वरच्या टप्प्याला 25 टक्केच सूट.

ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही केबल कार 15 मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला पोचवते. पुढं दातेरी रुळाची गाडी. आपल्या कॅसलरॉकच्या घाटात चढ 37 ला 1, तरी मागून इंजिनं लावावी लागतात. इथं तो 4 ला 1 पर्यंत जातो, म्हणून गाडीखालचं दातेरी चाक मधल्या रुळाच्या दात्यांत बसवलेलं असतं. 1912 साली पूर्ण झालेल्या या मार्गाचे सात किलोमीटरहून जास्त बोगद्यात, आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटात आहेत.

गाडीत गारठा लागत नाही, पण बाहेरची आयगरची उत्तर भिंत 1800 मीटरची आहे. ऊन लागलं की बर्फानं धरून ठेवलेले दगड सुटतात, आणि हवा बघता बघता फिरते. 1936 साली चौघा गिर्यारोहकांनी या भिंतीवर एक अवघड आडवा टप्पा ओलांडून दोर काढून घेतला. परतताना तिथं खडकावर बर्फाचा थर चढला होता, वाट बंद. तिघे मेले, चौथा टोनी कुर्त्स दोराला लटकत राहिला. त्याला सोडवायला वाटाडे याच बोगद्याच्या दारातून भिंतीवर आले. पण दोन दोर जोडणारी गाठ कॅराबिनरमधून, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीतून, सरकेना, आणि त्यांच्या डोक्यावर काही मीटरवर त्यानं प्राण सोडला. भिंत सर झाली 1938 मध्ये.

स्टेशन 3454 मीटरवर आहे, तासाभरात तिथं पोचल्यावर दम लागणारच. पायऱ्या सावकाश चढा, पाणी पीत राहा; डोकं ठणकलं, मळमळलं तर मिळेल त्या गाडीनं खाली या. बर्फावर फिरायचं तर आखलेल्या वाटेवरच. बाजूला हिमनदीतल्या खोल भेगांवर ताज्या बर्फाचं पातळ झाकण असतं, ते माणसाचं वजन पेलत नाही. साधे कॅनव्हासचे बूट चालणार नाहीत. वर खाणं महाग. दशम्या-चटणी पिशवीत ठेवा.