यू-बूट: नऊ महिने वापरून, दोन सेकंदांवर भांडून

लाईट आली की छोट्या कॉम्प्युटरात सगळ्यात आधी जागा होऊन पुढं लिनक्स उठवणारा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर; यू-बूट त्यातलाच एक. त्याच्याबद्दल नोव्हेंबरात लिहिलं असतं तर पाचांत एक तारा दिला असता, तोही भीड म्हणून. आता चार देतोय. पाचवा का कापला ते पुढं येईल. वाचून काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीला किती धरून बसायचं? बसणार. त्या एवढ्याशा गोष्टीपायी मी चार रात्री द्राक्षबागेत काढल्यात.

यंत्र माझं नाही, दाजींचं. तासगाव तालुक्यात त्यांची साडेतीन एकर बाग आहे. २०२१ साली त्यांनी ठिबकसाठी एका कंपनीचा कंट्रोलर घेतला. झाकण काढलं की कळतं, आत बीगलबोन ब्लॅक या तळहाताएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डाची नक्कल आहे: तीच एएम३३५८ चिप, तीच ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची ईएमएमसी (साठवणीची चिप), वर कंपनीचं स्टिकर. बूटलोडर यू-बूट २०१६.०३. यू-बूटची नवी आवृत्ती हल्ली दर तीन महिन्यांनी येते आणि वर्ष-महिना हाच तिचा नंबर, त्यामुळे माल किती शिळा आहे हे लपत नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते तसं. २०२१ च्या मालात पाच वर्षांचं शिळं.

फळछाटणी झाली आणि दुखणं सुरू झालं. रात्रपाळीची लाईट आली की स्टार्टरवरच्या ऑटोनं पंप सुरू व्हायचा, पण कंट्रोलर उठायचा नाही. रोज नाही, चार-पाच रात्रींतून एकदा. पंप चालू, सगळे व्हॉल्व्ह बंद. एका पहाटे दाबानं मेन लाईनचा टी फुटला आणि कोपऱ्यातल्या चार ओळींत तळं झालं. दाजींचा फोन, "पाव्हणं, तुमचं मशीन परत बसलंय वो." मशीन बंद पडलं की ते माझं होतं.

कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप न उघडता म्हणाला, "सॉफ्टवेअर हँग होतंय, बोर्ड बदलावा लागेल." बोर्डाचे १४,५०० आणि नुसतं येऊन हे सांगण्याचे ८००. आठशे दिले. साडेचौदा हजार देणाऱ्यातला मी नाही. कुपवाड एमआयडीसीत पॅनेलची कामं करतो. सकाळी हातानं चालू केल्यावर दिवसभर नीट चालणारा बोर्ड गेला कसा, हे मला कुणी पटवून द्यावं.

बोर्डाचं बोलणं लॅपटॉपवर दाखवणारा दीडशे रुपयांचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर आणला. ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टवाला लावलात तर बोर्ड खरंच जाऊ शकतो. बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत, म्हणजे हेडरवर, पिन १ ग्राउंड, ४ आरएक्स (ऐकायची), ५ टीएक्स (बोलायची), स्पीड १,१५,२००. पॅनेलशेजारी खताच्या पोत्यावर बसलो. लाईट आली, बोर्ड उठला, सगळं सुरळीत. दुसऱ्या रात्रीही सुरळीत. तिसऱ्या रात्री मी गेलो नाही तर बसला. मी असलो की शहाण्यासारखा वागायचा. ताई म्हणाली, "तुझी नजर लागत नाही, उतरते."

उलगडा घरी जेवताना झाला. लॅपटॉप जोडला की माझ्या अडॅप्टरची टीएक्स बोर्डाच्या आरएक्स पिनेला घट्ट धरून ठेवते. वायर काढली की ती पिन मोकळी, अधांतरी. म्हणजे तपासणीचं अवजारच रोग बरा करत होतं. पुढच्या रात्री फक्त ग्राउंड आणि बोर्डाची टीएक्स जोडली. नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही.

एक वाजून काही मिनिटांनी लाईट आली. ओळी सरकल्या आणि ती ओळ आली, जी यू-बूट वापरणाऱ्यांनी हजारदा पाहिली असेल: 'हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट', म्हणजे थांबवायला कुठलंही बटण दाबा, पुढं दोनचा आकडा. दोनाचा एक होतोय तेवढ्यात शेजारच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (पंप जोडणारा चुंबकी स्विच) खट्ट झाला, आणि स्क्रीनवर बरोबरचं चिन्ह, बाण, लुकलुकता कर्सर. यू-बूट थांबला. कुणीतरी बटण दाबलं असं समजून हुकमाची वाट बघत बसला. बागेत बटण दाबायला मी सोडून कुणी नव्हतं, आणि माझे दोन्ही हात खिशात होते.

'एनी की' म्हणजे काहीही. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका अधांतरी आरएक्सवर पडला की चिपला ते एक अक्षर वाटतं. कुठलं का असेना, यू-बूटला चालतं. ऑटोचा टायमर आणि बूटची वेळ जुळली की त्या दोन सेकंदांत खट्ट व्हायचं, नाही जुळली की वाचायचं.

इथं डोकं फिरलं. वॉचडॉग, म्हणजे वेळेत कुणी थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर, आहे म्हणून कंपनीनं पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय. पण यू-बूट प्रॉम्प्टवर (हुकूम लिहायच्या जागी) बसला की बटणाची वाट बघता बघता स्वतःच वॉचडॉगला थोपटत राहतो. कुत्रा भुंकणार कधी? त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल, साहेब विचार करतायत. त्या रात्री मी मनातल्या मनात यू-बूटला शून्य तारे दिले.

सकाळी उजेडात पॅनेल नीट पाहिलं आणि निम्मं मत बदललं. कंपनीनं सर्व्हिसिंगच्या सोयीसाठी त्या हेडरपासून दारापर्यंत दीड मीटर साधी तीन कोअर वायर आणून ठेवली होती. शील्ड नाही, टोकाला काही नाही, आणि कॉन्टॅक्टरच्या वायरीबरोबर एकाच झिप टायमध्ये आवळलेली. माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर त्याला परत उघडायला लावलं असतं. वायर काढली, आरएक्सला ३.३ व्होल्टकडून दहा किलोओहमचा रेझिस्टर दिला. किंमत एक रुपया. साडेचौदा हजाराला एक रुपया.

कथा इथं संपायला हवी होती. पण मला चैन पडेना. रेझिस्टर हा डाग दिल्यासारखा इलाज झाला; आत 'काहीही चालेल' म्हणणारा तसाच बसलेला. शिवाय प्रिंटएन्व्ह (यू-बूटची सेटिंगं दाखवणारा हुकूम) केल्यावर दुसरं बिंग फुटलं. कंपनीनं बूटकाउंट, म्हणजे किती वेळा बूट झालं तो आकडा, एन्व्हायर्नमेंटमध्ये (यू-बूटच्या जतन केलेल्या सेटिंगांत) ठेवलं होतं आणि 'अपग्रेड अव्हेलेबल' कायमचं १. हे ० असलं की यू-बूट आकडा जतन करत नाही. १ म्हणजे प्रत्येक बूटला ईएमएमसीवर लिखाण, आणि एन्व्हायर्नमेंटची प्रत एकच. आमच्याकडे लाईट येताना तीनदा ये-जा करून मग टिकते. लिहिता लिहिता गेली की सीआरसी (मजकूर शाबूत आहे का हे पडताळणारा आकडा) चुकणार आणि यू-बूट आपल्या मूळच्या सेटिंगवर जाणार, कंपनीची सगळी सेटिंगं पुसून.

म्हणून जानेवारीत नवीन यू-बूट स्वतः बांधायला घेतला, २०२५.०१. जीपीएल या यू-बूटच्या परवान्याखाली कंपनीकडं त्यांच्या बदलांचा सोर्सही (मूळ कोड) मागितला. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत हे ऐच्छिक नाही, जो बायनरी (तयार प्रोग्राम) विकतो त्यानं सोर्स द्यायचाच. दोन आठवड्यांनी एक झिप आली, तिच्यात मूळ यू-बूट, यांची बोर्ड फाइल गायब. नारळ सोलून नुसती शेंडी हातात.

बांधणं अवघड नाही. एएम३३५एक्स-ईव्हीएमचं डिफकॉन्फिग (तयार सेटिंगची फाइल) बीगलबोनलाही चालतं. वाटेत जीएनयू-टीएलएस या लायब्ररीची हेडर फाइल नाही म्हणून अडलं, ते पॅकेज टाकलं. ईएमएमसीवर एमएलओ (यू-बूटचा पहिला छोटा तुकडा) १२८ केबीवर, यू-बूटची इमेज ३८४ केबीवर. डीडी या हुकमानं ते लिहिताना सीक आणि ब्लॉक साइज (कुठं लिहायचं ते ठरवणारे आकडे) दोनदा वाचा, मी एकदाच वाचलं होतं.

तरीही पहिल्या बूटला स्क्रीनवर काही नाही. एक अक्षर नाही. दोन दिवस गेले. मग कोड वाचला: हा यू-बूट सुरुवातीलाच बोर्डावरच्या ईईप्रॉममधून (छोट्या मेमरी चिपमधून) बोर्डाचं नाव वाचतो. नाव ओळखीचं नसलं की 'अननोन बोर्ड, कॅनॉट कॉन्फिगर पिनमक्स', म्हणजे बोर्ड अनोळखी, पिना लावता येत नाहीत, असं म्हणून तिथंच हँग. म्हणणार तरी कुठं, सीरियल अजून उठलेलंच नसतं. नक्कल करणाऱ्या कंपनीनं ईईप्रॉम कोरा ठेवला होता आणि आपल्या यू-बूटमध्ये ही तपासणी गुपचूप काढली होती. गायब बोर्ड फाइलचं रहस्य तेवढंच असावं.

उपाय म्हणून एसडी कार्डावर जुनीच इमेज टाकली, बोर्डावरचं एस२ बटण दाबून धरलं आणि कार्डावरून बूट केलं. या चिपचं हे मला फार आवडतं: पहिली पायरी सिलिकॉनमधल्या रॉममध्ये असते, ती तुम्ही पुसू शकत नाही, त्यामुळे कितीही माती खाल्ली तरी परत येता येतं. मग राइट-प्रोटेक्टची पिन ग्राउंडला टेकवून ईईप्रॉममध्ये एए, ५५, ३३, ईई हे चार बाइट आणि पुढं बीगलबोन ब्लॅकचं नाव लिहिलं. नक्कल अखेर स्वतःला अस्सल म्हणू लागली आणि बूट झाली.

आता मूळ मुद्दा, दोन सेकंद. आधी बूटडिले (थांबायच्या सेकंदांचं सेटिंग) ० केला. कळलं की शून्यातसुद्धा यू-बूट एकदा डोकावून बघतो, बटण दाबलंय का. मग -२ केला: थांबायचं नाही, बघायचंही नाही. मस्त. रेझिस्टर काढून मुद्दाम ती दीड मीटर वायर परत लावली, ऑटो तीस वेळा चालू-बंद केला, एकदाही अडकला नाही. दाजी बांधावरून ओरडले, "पाव्हणं, मोटर जळंल की!" पंधरा दिवसांनी मी लिनक्सचा कर्नल बदलताना घोळ केला आणि आत शिरायला दारच उरलं नाही. स्वतःच लावलेलं कुलूप. परत कार्ड, परत एस२.

तेव्हा पटलं की दोन सेकंदांची ती खिडकी मूर्खपणानं ठेवलेली नाही. वोल्फगांग डेंक यांनी पीपीसीबूट म्हणून हा प्रकल्प चालवायला घेतला तेव्हा पॉवरपीसी प्रोसेसरचे बोर्ड इंजिनियरच्या टेबलावर असायचे. २००२ साली त्याचं यू-बूट झालं. टेबलावर बसलेल्या माणसाला कधीही थांबवता यायला हवं, म्हणून 'काहीही दाबा'. बागेतल्या स्टार्टरशेजारी हा बसेल हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? डेंक २०२२ मध्ये गेले. मुख्य देखभाल त्याआधीपासूनच, २०१२ पासून टॉम रिनी बघतात.

आणि मला हवं ते आत आधीपासून होतंच. ऑटोबूट कीड नावाचा पर्याय: ठराविक शब्द टाइप केला तरच थांबायचं, बाकी काहीही आलं तरी दुर्लक्ष. कॉन्टॅक्टर खट्ट करू शकतो, आठ अक्षरी शब्द लिहू शकत नाही. त्याच्या जोडीला बूट रिट्राय: प्रॉम्प्टवर ठरलेल्या वेळेत कुणी काही लिहिलं नाही तर आपला आपण परत बूट करतो. मी साठ सेकंद ठेवलेत. एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती केल्या, एक बिघडली तर दुसरी. त्या पर्यायाच्या नावात इंग्रजी 'रिडंडंट'च्या शेवटी टी ऐवजी डी आहे, 'रिडंडँड'. मी बांधलेल्या आवृत्तीतही तसंच. आधी वाटलं माझाच चष्मा. नाव बदललं तर किती बोर्डांच्या फाइली मोडतील या भीतीनं असेल, वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं, आमच्या वाड्याच्या सातबारावरच्या आडनावासारखं.

पाचवा तारा इथं कापला. हे दोन्ही पर्याय मूळ सेटिंगमध्ये बंद असतात आणि ज्याला त्यांची खरी गरज आहे त्याला ते आहेत हेच ठाऊक नसतं. मदतीच्या मजकुरात 'शेतात, कारखान्यात, मोकळ्या पिनेवर आवाज असेल तर' एवढं अर्धं वाक्य असतं तर माझ्या चार रात्री वाचल्या असत्या. तक्रार करून थांबलो नाही, तो अर्ध्या वाक्याचा पॅच (प्रकल्पाला पाठवायचा बदल) तयार केला. पॅच तपासणाऱ्या चेकपॅच स्क्रिप्टनं ओळीच्या शेवटची स्पेस पकडली, साइन्ड-ऑफ-बाय ही सहीची ओळ विसरलो होतो ती घातली. पाठवायचं धाडस अजून होत नाही, माझं इंग्रजी यू-बूटच्या मदतीच्या मजकुराहून वाईट आहे. पण यंदा पाठवणार.

स्वतःचा यू-बूट सांभाळणाऱ्यांना एकच व्यवहाराची गोष्ट सांगतो. नवीन आवृत्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा येतात. ऑक्टोबरात आमच्याकडे फळछाटणी, जानेवारीत मणी फुगतात, एप्रिलात खरड छाटणी. यातल्या कुठल्याही महिन्यात मी पॅनेलला स्क्रूड्रायव्हर लावला तर दाजी हात तोडतील. जानेवारीतच लावला होता म्हणा, पण तेव्हा घोळ किती होणार हे त्यांना सांगितलं नव्हतं. राहिला जुलै: पाऊस, ठिबक बंद, पंप झाकलेला. म्हणून वर्षातून एकदा, जुलैची आवृत्ती. २०२५.०७ वर माझे बदल चढवायला एक संध्याकाळ लागली, फक्त डिफकॉन्फिगच्या दोन ओळी भांडल्या.

ती दीड मीटर वायर ताईनं बेदाण्याच्या शेडमधला पडदा बांधायला घेतलीय.