कॉर्डलेस घ्यायचा तर कुठला? कीर्तन, नाटक आणि गॅदरिंगच्या माईकची तुलना

सप्ताह जवळ आला की सांगली-मिरजेच्या आसपासच्या गावांतून कमिटीची माणसं विचारायला येतात. "दादा, वर्गणी जमलीय, कॉर्डलेस घ्यायचाय. कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी आधी एकच विचारतो, माईक लावून उभं कोण राहणार? कीर्तनकार बुवा, नाटकातला नट, शाळेतली पोरं की क्लासचे सर? याचं उत्तर मिळालं की निम्मी यादी आपोआप गळते. उरलेली निम्मी गळते ती दुसऱ्या प्रश्नाने: माईक आणि त्याचा आवाज पकडणाऱ्या डब्याच्या, म्हणजे रिसिव्हरच्या, मधे किती माणसं येणार? हा दुसरा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. माझ्या मते मात्र खरेदीचा निकाल त्यावरच लागायला हवा.

बाजारात आपल्या कामाचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक यूएचएफ नावाच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालणारा, साधारण 500 ते 900 मेगाहर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी. दुसरा 2.4 गिगाहर्ट्झवरचा डिजिटल. शर्टाला लावायच्या छोट्या चौकोनी डब्या, व्हिडिओवाल्यांचे किट, शुअर कंपनीची जीएलएक्स-डी मालिका हे सगळे या दुसऱ्या घरातले. यूएचएफच्याही खालच्या फ्रिक्वेन्सीचे जुने व्हीएचएफ सेट अजून काही ठिकाणी चालू आहेत. चालतायत तोवर चालवा, नवा मात्र घेऊ नका.

रिकामा मंडप आणि भरलेला मंडप

एका गावात सप्ताहाला 2.4 चा सेट आणला होता. दुपारी चार वाजता मंडप रिकामा. मी स्वतः माईक घेऊन व्यासपीठापासून पार कमानीपर्यंत चालत गेलो, आवाज कुठे तुटला नाही. रात्री कीर्तन उभं राहिलं. मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, बाजूला विणेकरी, पखवाज, समोर दाटीवाटीने बसलेला गाव. रिसिव्हर होता साउंडच्या मिक्सरजवळ, मंडपाच्या मागच्या खांबापाशी, टेबलावर. अभंगाचं पहिलं चरण नीट गेलं. मग बुवा टाळकऱ्यांकडे वळले आणि आवाज गप्प. पुन्हा समोर वळले, आवाज आला. दहा मिनिटांत लोक मागे वळून माझ्याकडे बघायला लागले.

कारण साधं आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. 550 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 55 सेंटिमीटर, हातभराहून थोडी जास्त. माणसाच्या अंगात पाणीच पाणी. आखूड लहर त्यात जिरते, लांब लहर अंगाला वळसा घालून बऱ्यापैकी पुढे जाते. त्यात समोर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, आणि त्याचं वायफाय आणि ब्लूटूथ याच 2.4 च्या पट्ट्यात बोलत असतं. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना 2005 पासून परवान्याविना मोकळा आहे. सोय मोठी, पण मोकळं मैदान म्हटल्यावर गुरंही सगळ्या गावाची येणार.

त्या रात्री रिसिव्हर उचलून व्यासपीठाच्या कडेला नेला, बांबूला डोक्याच्या वर बांधला आणि तिथून मिक्सरपर्यंत लांब कॅनन पिनची (तीन काड्यांची गोल पिन, एक्सएलआर) केबल टाकली. पुढचे दोन तास एकदाही आवाज तुटला नाही. पण दरवेळी रिसिव्हर असा जवळ बांधता येईलच असं नाही, म्हणून माझं मत असं: उघडा मंडप, शे-दीडशेच्या वर माणूस, मागेपुढे टाळकरी, असं असेल तर यूएचएफ घ्या. वर्ग, छोटा हॉल, पंधरा-वीस फुटांवर रिसिव्हर आणि मधे कुणी नाही, तिथे 2.4 चा डिजिटल सेट उत्तम. चालू केला की स्वतःच मोकळी जागा शोधतो, आवाज स्वच्छ, डोक्याला ताप कमी.

यूएचएफ घेताना मागचं स्टिकर वाचा

इथे फसायला जास्त होतं. रिसिव्हर उलटा करा, मागे किंवा खाली फ्रिक्वेन्सी छापलेली असते. तो आकडा 700 च्या खाली असला पाहिजे. 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा 5जीसाठी गेला. या पट्ट्यात 703 ते 748 मेगाहर्ट्झवर ग्राहकाच्या हातातला फोन बोलतो आणि 758 ते 803 वर टॉवर. त्याच्या वर 824 ते 849 मधेही फोनच बोलतात, तो पट्टा तर कितीतरी जुना आहे. टॉवर लांब असतो, पण पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवरचा फोन तुमच्या रिसिव्हरपासून आठ फुटांवर असतो. 740 चा स्वस्त सेट घेतलात तर बुवांच्या आवाजात कधी खरखर आणि कधी नुसतीच शांतता, आणि कारण हाताला लागणार नाही. जुना सेट कुणी मायेने देऊ केला तरी आधी आकडा बघा.

दुसरी गोष्ट, चॅनेल बदलता येतं का? एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचे सेट स्वस्त मिळतात. गणेशोत्सवात एका चौकात मी हे पाहिलंय, दोन मंडळांनी एकाच दुकानातून तसले सेट घेतलेले. इकडची आरती तिकडच्या स्पीकरवर. कुणाचीच चूक नाही, पण भांडण दोघांचं झालं. चॅनेल निवडता येणारा सेट थोडा महाग पडतो, तेवढे पैसे घालाच.

तीन-चार माईक एकदम चालवायचे असतील तर फ्रिक्वेन्सी सारख्या अंतराने लावू नका. 550, 552 आणि 554 असे तीन लावलेत तर पहिले दोन मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर बसतात: 552 ची दुप्पट 1104, त्यातून 550 वजा केले की बरोबर 554. ही गणितं तुम्ही करत बसू नका. कंपनीने पुस्तकात ग्रुप दिलेले असतात. सगळे माईक एकाच ग्रुपमधले, चॅनेल वेगवेगळे, एवढं पाळलं की पुरे.

यूएचएफला 2.4 सारखी सरसकट परवानामाफी नाही. विकणाऱ्याला सेट भारतातल्या वापरासाठीचा आहे का ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

रिसिव्हरला दोन अँटेना दिसल्या म्हणून तो डायव्हर्सिटी, म्हणजे दोन्हींतला चांगला सिग्नल निवडणारा, असतोच असं नाही. खऱ्या डायव्हर्सिटी सेटवर ए आणि बी असे दोन दिवे किंवा खुणा असतात, माईक घेऊन चाललात की त्या आलटून पालटून लागतात. दुकानात चालून बघा.

हातातला, कॉलरचा की हेडसेट?

शाळेच्या गॅदरिंगला हातातलाच. दहा पोरांच्या हातून फिरणार, आपटणार. पोरांना एकच गोष्ट शिकवा: माईक मधे धरायचा. वरची जाळी मुठीत घेतली की माईक शिट्टी मारतो, खालचं टोक मुठीत घेतलं की अँटेना झाकते.

कीर्तनाला लोक कॉलर माईक मागतात, दिसायला बरा म्हणून. मी हेडसेट सांगतो. बुवांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यावर गावाने घातलेला हार, खांद्यावर उपरणं. कॉलर माईक या सगळ्याच्या मधोमध बसतो आणि बुवा हलले की हाराच्या दोऱ्याचा, उपरण्याच्या काठाचा घासल्याचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जातो. शिवाय कॉलर माईक तोंडापासून वीतभर लांब, म्हणून गेन, म्हणजे आवाज पकडायची ताकद, वाढवावा लागतो. गेन वाढला की शेजारचा पखवाज आणि टाळ त्यातूनच घुसतात, आणि शिट्टीही लवकर लागते. हेडसेट गालाजवळ राहतो, मान वळली तरी अंतर बदलत नाही. फेटा बांधायच्या आधी कानावर बसवा, नंतर बसवायला गेलात तर फेटा बिघडतो आणि बुवाही चिडतात.

हेडसेट किंवा कॉलर माईकची वायर जिला जोडतात, त्या कंबरेच्या डबीचं आणखी एक. धोतराच्या निऱ्यांवर क्लिप टिकत नाही, नेहरू शर्टाच्या खिशात डबी नाचते आणि वायर ओढली जाते. दोन इंची कापडी पट्टा शिवून घ्या, शर्टाच्या आतून कंबरेला बांधा, डबी पाठीला एका बाजूला ठेवा. अँटेना सरळ लोंबू द्या, गुंडाळू नका.

नाटकाचं गणित वेगळं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या सांगलीत नटाने शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं ही अभिमानाची गोष्ट राहिली आहे, आणि हौशी नाटकाला अजूनही रंगमंचाच्या कडेचे आणि वरून टांगलेले वायरचे माईक पुरतात असं मी मानतो. सहा नटांना सहा डब्या म्हणजे सहा बॅटऱ्या, सहा घामाने भिजणाऱ्या वायरी आणि मिक्सरवर संहिता घेऊन बसणारा एक माणूस. असा माणूस असेल तरच त्या वाटेला जा. फार तर प्रमुख दोघांना लावा, तोही कपाळावर केसांच्या रेषेत.

शास्त्रीय गाण्याला मात्र कॉर्डलेस नकोच. गवई जागचा हलत नाही, मग वायर नडते कुणाला? यूएचएफचे बहुतेक परवडणारे सेट अ‍ॅनालॉग असतात. ते आवाज पाठवताना आवळतात आणि रिसिव्हरला पोचल्यावर पुन्हा उलगडतात. बोलण्यात हे कळत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आलेल्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, हळूहळू विरत जाते, तेव्हा तिच्या मागे एक श्वास घेतल्यासारखी फुसफुस ऐकू येते. ज्याने तो तंबोरा आठ-आठ दिवस लावून जुळवला, त्याच्या कानाला ती लगेच खुपते.

व्हिडिओवाल्यांच्या छोट्या किटबद्दल हल्ली रोज विचारणा होते. कॅमेऱ्यासाठी ते चांगलेच आहेत. पण मंडपाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला पिन बदलावी लागते, आणि डिजिटलमध्ये आवाजाला काही मिलिसेकंद उशीर होतो. तीन मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण एक मीटर जातो, तेव्हा तीन-पाच मिलिसेकंद कुणाला जाणवत नाहीत. आवाज साफ करायचं सेटिंग चालू केलं की काही किटमध्ये हा उशीर आणखी वाढतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो. मंडपात वापरायचाच असेल तर ते सेटिंग बंद ठेवा.

सेल की चार्जिंग

क्लासला चार्जिंगवाला. रोज दोन तास, रात्री लावून ठेवला की झालं. सप्ताहाला सेलवाला. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. चार्ज कधी करणार? त्यात लाईट गेली तर? आत बसवलेली बॅटरी संपली की डबी गप्प, सेल मात्र अर्ध्या मिनिटात बदलता येतात. अल्कलाईन सेल 1.5 व्होल्टचा, चार्जिंगचा निकेलवाला 1.2 चा, त्यामुळे निकेलवाला भरलेला असला तरी काही सेटवर अर्धाच दिसतो. कीर्तनाआधी दोन नवे सेल घाला. काढलेले टाकू नका, दुसऱ्या दिवशी काकड्याला चालतात.

लावताना

आधी रिसिव्हर एकटा चालू करा, माईक बंद. सिग्नलचा दिवा लागला तर ती जागा आधीच कुणाची तरी आहे, चॅनेल बदला. मग माईक चालू करून जोडून घ्या. ज्याला बोलायचंय त्यालाच सगळ्यात मोठ्या आवाजात गजर म्हणायला सांगा. डबीवरचा लाल दिवा अगदी मोठ्या स्वराला क्षणभर लुकलुकला पाहिजे, सतत पेटला तर डबीवरचा गेन कमी करा. बहुतेक लोक इथे चुकतात, डबीवर आवाज फाटलेला असतो आणि ते मिक्सरवर ट्रेबल कमी करत बसतात. डबीवर फाटलेला आवाज मिक्सरवर शिवता येत नाही.

रिसिव्हर माणसांच्या डोक्यांच्या वर, अँटेना इंग्रजी व्ही सारख्या, वायफाय राऊटर आणि एलईडी स्क्रीनपासून लांब. रिसिव्हर ते मिक्सर लांब अंतर असेल तर कॅनन पिनचीच केबल. साध्या मोठ्या पिनची लांब वायर गुणगुण करते. बोलणारा स्पीकरच्या मागे राहील असे स्पीकर पुढे सरकवा. माईक बंद करायच्या आधी मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा सरकता खटका, खाली घ्या, नाहीतर 'ठप्प' असा आवाज होऊन पारायणाला बसलेली म्हातारी माणसं दचकतात.

त्या सप्ताहवाल्या गावाने शेवटी 700 च्या खालचा, चॅनेल बदलता येणारा यूएचएफ सेट घेतला, एक हातातला आणि एक हेडसेटची डबी. 2.4 चा सेट त्यांनी शाळेला दिला, वर्गात तो झकास चालतो. व्यासपीठावर वायरचा एक माईक स्टँडवर उभाच असतो, मिक्सरला जोडलेला, फेडर खाली. तुमचं अजून ठरत नसेल तर पहिल्या वर्षी भाड्याने घ्या, पण गणपतीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा चांगले सेट आधीच बाहेर गेलेले असतात आणि तुमच्या वाट्याला तो 740 चा येतो.