सांबा: काम चोख, बोलणं तुटक (5 पैकी 4 तारे)

लिनक्सवरचं फोल्डर विंडोजमध्ये उघडायला मी सांबाच वापरतो आणि दुसरं काही शोधायची इच्छा नाही. अँड्र्यू ट्रिजेलने 1992 मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर माझ्या जुन्या डेस्कटॉपवर निमूट चालतं. फोटो, बॅकअप, हिशोबाच्या एक्सेल फायली, सगळं त्याच्यावर. एकदा बसवलं की त्याची आठवणही येत नाही.

बसेपर्यंत मात्र डोकं खातं. विंडोज नुसतं ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून मोकळं होतं. नकार नेमका कुणी दिला, ते तुम्ही शोधा. सांबाची पासवर्डची यादी वेगळी असते. लिनक्सवर लॉगिन होतंय म्हणून शेअर (नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) उघडेलच असं नाही, ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या कमांडने युजर तिथेही घालावा लागतो. सेटिंगमध्ये ‘रायटेबल’ लिहिलं तरी लिनक्सची स्वतःची परवानगी नसेल तर फाइल सेव्ह होत नाही. शेअर कुणाच्या होम फोल्डरच्या पोटात असेल तर वरच्या प्रत्येक फोल्डरमधून जायची परवानगी लागते, आणि उबुंटू या लिनक्सने 21.04 आवृत्तीपासून नवी होम फोल्डर इतरांना बंद केली आहेत. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर हे सगळं बरोबर असूनही एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा अडवते, ते वेगळंच.

विंडोजही साधं नाही. एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युजरनेमने जोडू देत नाही, 1219 नंबरची एरर येते. ‘नेट यूज’ कमांडने जुनी जोडणी तोडा, विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्डही काढा. विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून बिनपासवर्डची गेस्ट सोयही मुळात बंद असते. बरंच झालं म्हणतो मी, उघडी शेअर ठेवायचीच कशाला? ‘नेटवर्क’मध्ये मशीन दिसत नसेल तर घाबरू नका, पत्त्याच्या पट्टीत थेट आयपी टाका. यादीतच हवं असेल तर लिनक्सवर ‘डब्ल्यूएसडीडी’ हा छोटा प्रोग्रॅम बसवा.

सोबत येणारी दोन हत्यारं मला फार आवडतात. ‘टेस्टपार्म’ सेटिंगच्या फाइलमधली पर्यायांची चुकीची नावं दाखवतं. शेअर उघडून बघणारं ‘एसएमबीक्लायंट’ त्याच लिनक्स मशीनवरून चालवलं आणि शेअर उघडली, तर पुढची शोधाशोध फायरवॉल आणि विंडोजकडे. सांबा ज्यावरून बोलतं ते पोर्ट 445 फायरवॉलमध्ये उघडं आहे का, ते आधी बघा.

एक तारा कापला तो लॉगसाठी, म्हणजे सांबा स्वतःच्या कामाची नोंद ठेवतं त्या फाइलसाठी. मूळ पातळीवर त्यात कामाचं फारसं काही सापडत नाही आणि ‘लॉग लेव्हल’ 3 केली की इतकं येतं की आपली ओळ शोधायला ग्रेप ही शोधायची कमांड लागते.