डोंगल लावला होता, पण शोभेला

वाशीच्या त्या दुकानात रिमोट चालला. माझ्या डोळ्यांदेखत चालला, घरी आणला आणि मेला. दुकानात चाललेली वस्तू घरी चालेना की आपण आधी आपल्याच घरात खोट शोधतो. मी आठ दिवस शोधली. कुणाचे तरी सोळाशे पन्नास रुपये वाचले तर वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आम्ही ठाण्याला, चरईत राहतो. बाबा ७९ वर्षांचे. त्यांच्या कॅसेटी, म्हणजे नाट्यगीतं, कीर्तनं, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या मैफली, मी दोन पावसाळे खपून कॉम्प्युटरवर घेतल्या. मग रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला, त्यावर लिब्रेएलेक ही प्रणाली टाकली, तिच्यातलं कोडी हे गाणी-चित्रपट लावायचं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि बाबांचं कॅसेटींचं कपाट टीव्हीवर उभं राहिलं. अडलं ते चालवण्यापाशी. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हातही थरथरतो. माऊसचा बाण म्हणजे त्यांच्या भाषेत ‘पडद्यावरचं चिलट’. त्यांना हवा होता चार-पाच ठसठशीत बटणांचा रिमोट.

टीव्हीच्या नेहमीच्या रिमोटमध्ये असतं ते इन्फ्रारेड. प्रकाशच तो, फक्त आपल्याला न दिसणारा, त्यामुळे मध्ये दार आलं की कारभार संपला. शिवाय पायला इन्फ्रारेडचा डोळाच नाही, तो वेगळा लावावा लागतो. ब्लूटूथ रिमोट पाय ४ ला थेट जोडता येतो, कारण ब्लूटूथ त्याच्या पोटातच आहे. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ रिमोटबरोबर नखाएवढा यूएसबी डोंगल येतो, तो खोचला की पायला वाटतं कीबोर्ड जोडलाय. आमचा पाय टीव्हीखालच्या कपाटात, लाकडी दाराआड. म्हणून मी डोंगलवाल्याच्या शोधात होते.

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली की वाशी काही लांब नाही. दुकान म्हणजे एक गाळा, त्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. खोक्यावर लिहिलेलं, ‘ब्लूटूथ २.४जी व्हॉइस रिमोट’. इथेच खटकायला हवं होतं. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतं, म्हणजे मजकूर धडधडीत खोटा म्हणता येत नाही. पण रिमोट ब्लूटूथचा असेल तर आत डोंगल कशाला, आणि डोंगलचा असेल तर वर ब्लूटूथ कशाला?

“ताई, बघून घ्या, मग पैसे द्या,” असं म्हणत दुकानदाराने खोकं फोडलं, डोंगल काउंटरवरच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या डबीत, खोचला, सेल घातले आणि रिमोट माझ्या हातात दिला. वर, खाली, ओके, मागे, सगळं लोण्यासारखं. मी मुद्दाम रिमोट भिंतीकडे वळवून दाबला, तरी चालला. एकदाच, खांबाआड उभी राहून दाबलं तेव्हा अडला. “सोबतचे सेल हलके असतात ताई, घरी चांगले घाला.” मला पटलं.

बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं हवं असेल तर वर अठरा टक्के. मी कच्च्यावर आले. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. पॅडच्या कागदावर त्याने ‘आर.सी. १ – १६५०’ एवढंच खरडलं. ना दुकानाचं नाव, ना तारीख. पैसे यूपीआयने दिले, तेव्हा पडद्यावर दुकानाचं नाव न येता कुणा तिसऱ्याच माणसाचं आलं. तेही वाचलं आणि पिन दाबला.

घरी ढिम्म. सेल बदलले, डोंगल काढून पुन्हा लावला, पाय बंद करून चालू केला. पाय ४ ला दोन निळे यूएसबी ३ चे पोर्ट आहेत नि दोन काळे यूएसबी २ चे. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलला त्रास देतो हे खरं आहे, इंटेलने २०१२ मध्येच ते लिहून ठेवलंय. म्हणून डोंगल काळ्या पोर्टात लावला, मग एक्स्टेन्शन वायर आणून कपाटाबाहेर काढला. फोन केला तर दुकानदार म्हणाला, “तुमच्या त्या पायला सपोर्ट नसेल. घरात कुणी जाणकार असेल तर दाखवा ना ताई.” जाणकार मीच होते, पण ते वाक्य ऐकल्यावर मलाच शंका यायला लागली.

आठव्या दिवशी, जे पहिल्याच दिवशी करायचं ते केलं. लॅपटॉपवरून पायमध्ये शिरले, लॉग, म्हणजे त्याची घडामोडींची नोंदवही, उघडला आणि डोंगल खोचला. धड डोंगल असेल तर लगेच दोन-चार ओळी येतात, नवा यूएसबी, कीबोर्ड, माऊस. एकही ओळ आली नाही. काढला, लावला, पुन्हा काढला. पायच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. मग सुरीच्या टोकाने त्याचं प्लास्टिक उचकटलं. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर यूएसबीच्या चार सोनेरी पट्ट्या आणि पलीकडे कोरी पाटी. चिप नाही, क्रिस्टल नाही, झाळकामाचा एक ठिपका नाही. मी ते बाबांच्या तळहातावर ठेवलं. भिंग लावून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “अगं, कॅसेटच्या डबीत कॅसेटच नाही.”

मग मोबाइलचा पुढचा कॅमेरा रिमोटच्या नाकासमोर धरला आणि बाण दाबला. पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकली. प्रत्येक बटणाला. हे नीट समजून घ्या, कारण चांगल्या रेडिओ रिमोटमध्येही इन्फ्रारेडचा दिवा असू शकतो. टीव्हीचं पॉवर बटण शिकवून ठेवायची सोय असते त्यासाठी. तिथे पॉवर दाबल्यावर ठिणगी दिसली तर बिघडत नाही. बाण आणि ओके दाबल्यावरही दिसली की समजा, तुमच्या हातात साधा इन्फ्रारेड रिमोट आहे. मागचा कॅमेरा बऱ्याचदा हा प्रकाश गाळून टाकतो, म्हणून पुढचाच वापरा. आवाजासाठी म्हणून जे भोक होतं त्यात टाचणी घातली, ती अर्ध्या मिलिमीटरवर टेकली. माईक नव्हताच, नुसता खळगा.

आता दुकानातला चमत्कार उलगडला. काउंटरवरच्या त्या अँड्रॉइड बॉक्सला इन्फ्रारेडचा स्वतःचा डोळा होता, आणि रिमोट त्याच्याच जातीचा. डोंगल शोभेला. एवढ्याशा गाळ्यात पांढऱ्या भिंतींवरून इन्फ्रारेड आपटून परत येतं, म्हणून भिंतीकडे धरूनही चालला. खांबाआड बिचारा खरं बोलला होता.

शनिवारी परत वाशी. गाळ्यात एक जोडपं उभं होतं, त्यांना तेच नाटक चाललेलं. मी काही बोलले नाही. हात लांब करून बॉक्समधला डोंगल उपसला आणि म्हटलं, “आता दाबा.” त्या बाईंनी दाबलं. बाण हलला. दुकानदार क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ऑटो मोडवर आहे तो.” मला वाटलं, आता जोडपं चिडेल. नवऱ्याने मान डोलावली, “चालतंय ना, मग झालं,” आणि पैसे काढले. कदाचित त्यांच्या घरी तसलाच बॉक्स असेल आणि त्यांचं खरंच भागेलही. मला मात्र तिथल्या तिथे हसू आणि रडू दोन्ही आलं.

माझा वाद अर्धा तास चालला. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर नसेल तर तीस दिवस धरतात, हेही त्यातच आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मी त्याच्यासमोर लावला. फोन लागेपर्यंत त्याने गल्ल्यातून पाचशेची नोट काढली, “उरलेले पुढच्या आठवड्यात.” तो आठवडा अजून उगवलेला नाही. तक्रार नोंदवली आहे, पण बिलाच्या जागी माझ्याकडे ‘आर.सी. १’ आणि परक्या नावाची यूपीआयची नोंद, एवढंच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. तरी साडेअकराशेसाठी रजा किती टाकायच्या याचा हिशेब अजून बसलेला नाही. खोकं मात्र जपून ठेवलंय. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, कमाल किंमत नाही, महिना-वर्ष नाही. परदेशी मालाच्या सीलबंद खोक्यावर हे सगळं छापलेलं असावं लागतं, आणि ते तपासायला दहा सेकंदं पुरली असती.

बाबांचं काम शेवटी फुकटात झालं, याचीच जास्त चीड येते. पाय टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआयच्या वायरमधूनच टीव्हीच्या रिमोटचे हुकूम पायकडे जाऊ शकतात, त्याला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते त्या नावाने सापडत नाही. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिमप्लिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. आमच्या टीव्हीत ते बंद होतं. ते चालू केलं, वायर पायच्या पॉवरशेजारच्या पोर्टात हलवली आणि टीव्हीचाच रिमोट कोडीत फिरायला लागला. टीव्ही समोरच असतो, त्यामुळे कपाटाच्या दाराचा प्रश्नच मिटला.

वाशीचा रिमोट फ्रीजवर पडून आहे. त्यातले ‘हलके’ सेल बाबांनी काढून एसीच्या रिमोटला घातले. तो त्यांच्यावर आजतागायत चालतोय.