सत इसबगोल : सहा आठवडे घेतल्यावर
मार्च एंडला बँकेत ऑडिट लागलं की माझं पोट बिघडतंच. डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये शौचालय नाही, या धास्तीनेच निघण्याआधी तीनदा जावं लागायचं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, "आयबीएस आहे, म्हणजे तपासणीत काही दोष न दिसताही पोट वारंवार बिघडण्याचा त्रास. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. ताण आला की मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं." त्यांनीच सत इसबगोल सुचवलं. रात्री एक चमचा, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, नाहीतर खळीसारखं घट्ट होतं. पहिला आठवडा पोट फुगलं. मग बांधून होऊ लागलं. आता सकाळी एकदाच. ऑडिटच्या दिवशी मात्र पोटात गोळा येतोच. तो इसबगोलाने जात नाही, त्यासाठी ठाण्यापर्यंत डोळे मिटून सावकाश श्वास घेते.